बंगळुरूची लघुलहर आणि दूरचे श्रोते

बंगळुरूच्या उत्तरेस, येलहंक्याच्या बाजूला, आकाशवाणीचे १९९४ मध्ये सुरू झालेले लघुलहरी प्रक्षेपण केंद्र आपल्या ५०० किलोवॅटच्या प्रक्षेपकांमुळे परदेशांतील ‘डीएक्स’ छांदिष्टांच्याही परिचयाचे झाले. दूरच्या, क्षीण आणि अवचितच लागणाऱ्या केंद्रांचा माग काढून ती नेमकी ओळखणे म्हणजे डीएक्सिंग. त्यात कार्यक्रमाची गोडी दुय्यम असते आणि भाषा कळलीच पाहिजे असेही नाही.

३ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरींना लघुलहरी म्हणतात. जमिनीलगत त्या फार दूर जात नाहीत. मात्र आकाशाकडे सोडल्या की सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित झालेल्या आयनांबर या वातावरणाच्या उंच थरातून वळून त्या हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात. जमिनीलगतची लहर जिथे संपते आणि वळलेली लहर जिथे उतरते, त्यांमधला पट्टा मुका राहतो, म्हणून बंगळुरूहून परदेशासाठी निघालेले प्रसारण तिकडे खणखणीत लागावे आणि शेजारच्या जिल्ह्यात लागूच नये, असेही घडू शकते. दिवसा आयनांबराचा खालचा ‘डी’ स्तर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो विरतो, त्यामुळे संध्याकाळ ही या छंदाची खरी वेळ होय.

केंद्र ऐकले, एवढे सांगून भागत नाही. तारीख, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून काढलेली जागतिक वेळ, वारंवारता, कार्यक्रमाचा तपशील आणि ‘सिन्पो’ गुण, म्हणजे संकेताचा जोर, इतर केंद्रांची लुडबुड, खरखर, चढउतार व एकूण दर्जा यांना प्रत्येकी १ ते ५ पैकी दिलेले गुण, असा अहवाल श्रोता पाठवतो आणि तो पडताळून केंद्र ‘क्यूएसएल कार्ड’ हे पुष्टिपत्र धाडते. कार्यक्रमाचा तपशील नसलेला अहवाल म्हणजे नुसते स्तुतिपत्र. त्याने काहीच सिद्ध होत नाही.

ऐकण्याजोगी केंद्रे मात्र घटत आहेत : रेडिओ ऑस्ट्रेलियाची लघुलहरी सेवा जानेवारी २०१७ मध्ये, तर बीबीसी हिंदीची जानेवारी २०२० मध्ये थांबली. त्यात शहरी सदनिकांमधील चार्जर आणि एलईडी दिवे विद्युत खरखर पसरवतात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातला रेडिओसंच इंटरनेटवरून कोणालाही फिरवता येतो, परंतु त्यावर लागलेले केंद्र नेदरलँड्समध्ये ऐकू आलेले असते, बंगळुरूत नव्हे, आणि म्हणून ते स्वतःच्या नोंदवहीत धरणे योग्य नाही. नवख्याने बॅटरीवर चालणारा साधा संच घेऊन गच्चीवर जावे आणि सूर्यास्तानंतर ३१ मीटर पट्ट्यापासून, म्हणजे सुमारे ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झपासून, आरंभ करावा.