मोटारीचे सांधे

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. रेल्वेचे जंक्शन. परभणी-नांदेडकडून निजामाबादकडे जाणारी गाडी इथे थांबते. आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. या भागात फुलांची शेती होते. फूल कोणासाठी थांबत नाही. पहाटे तोडलेले फूल सकाळी बाजारात पोचले तर त्याचा पैसा. दुपारी पोचले तर तोच माल मातीमोल.

म्हणून आता गावोगावी गाड्या आल्या. कोणाचा टेम्पो, कोणाची जीप, कोणाची जुनी छोटी मोटार. मारुती ८०० ही अशीच एक छोटी मोटार. १९८३ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा विकली गेली. २०१४ साली ती बनणे बंद झाले. पण जुन्या गाड्या खेड्यापाड्यांत अजून दिसतात. कोणी तिच्यातून बियाणे आणतो. कोणी दुखणाईत माणसाला नांदेडच्या दवाखान्यात नेतो.

गाडी आली म्हणजे गाडीची दुखणीही आली. आज आम्ही एका लहानशा दुखण्याची माहिती देणार आहोत. ते दुखणे गाडीच्या सांध्याचे आहे.

गाडीला सांधे असतात का?

असतात तर! आपल्या पायाला गुडघा आहे, घोटा आहे. म्हणून आपण खाचखळग्यातून चालू शकतो. पाय काठीसारखा सरळ असता तर प्रत्येक ठेच थेट डोक्यात बसली असती.

बैलगाडीत बसून पाहा. चाक दगडावर चढले की सगळी गाडी उचलते आणि दाणकन आपटते. कारण जुन्या बैलगाडीचा आख आणि साटी यांच्यामध्ये लवणारे काही नाही. मोटारीत तसे नसते. तिथे चाक एका लोखंडी हाताला जोडलेले असते. या हाताला मिस्त्री 'लोअर आर्म' म्हणतात. हाताचे एक टोक चाकाकडे, दुसरे गाडीच्या सांगाड्याकडे. खड्डा आला की हात खाली जातो. उंचवटा आला की वर येतो. वर स्प्रिंग असते, ती दाबली जाते. गाडीतल्या माणसाला धक्का कमी बसतो.

आता हा हात वरखाली होतो, म्हणजे त्याला सांधा हवाच. त्या सांध्यात जो भाग बसवतात, त्याला 'बुश' म्हणतात.

बुश कसा असतो?

बुश म्हणजे मुठीत मावेल एवढी गोल वस्तू. बाहेर लोखंडी कडे. आत लोखंडी नळी. या दोहोंच्या मधे काळे रबर घट्ट चिकटवलेले. आतल्या नळीतून बोल्ट जातो. तो बोल्ट नळीला सांगाड्याशी घट्ट आवळून धरतो. बाहेरचे कडे लोअर आर्मच्या भोकात घट्ट बसते. काही बुश नुसत्या रबराचेही असतात.

आता नीट ध्यान द्या. इथेच खरी मेख आहे.

बैलगाडीचे चाक आखावर घसरत फिरते. लोखंडावर लोखंड घासते. म्हणून तिथे वंगण लागते. वंगण नसले की चाक करकरते आणि झिजते. हे आपल्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे.

बुशाचे तसे नाही. बुशात काहीही घसरत नाही. नळी आपल्या जागी पक्की. कडे आपल्या जागी पक्के. हात वरखाली झाला की मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. ओला कपडा थोडा पिळावा आणि सोडावा, तसे.

जिथे घसरणेच नाही, तिथे वंगणाचे काय काम? उलट तेल आणि ग्रीस या रबराचे वैरी आहेत. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते. पुष्कळ लोक सांध्यातून आवाज आला की जळके तेल ओततात. चार दिवस आवाज थांबल्यासारखा वाटतो. पण दुखणे बरे होत नाही, वाढते.

रबरात ही ताकद कुठून आली?

रबर झाडाच्या चिकापासून मिळते. आपल्या देशात केरळात रबराचे मोठे मळे आहेत. पण नुसता चीक वाळवून चालत नाही. असे कच्चे रबर उन्हाने चिकट होते आणि थंडीने कडक पडते.

अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाचे एक गृहस्थ होते. या रबराचे काय करावे म्हणून ते वर्षानुवर्षे खटपट करीत होते. १८३९ साली त्यांना असे आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर त्याचा गुण बदलतो. मग ते उन्हात चिकटत नाही, थंडीत तडकत नाही. ताणले तर परत जाग्यावर येते. पुढे त्यात काजळीही मिसळू लागले. काजळीने रबर मजबूत होते आणि काळे दिसते. टायर काळा का, याचे उत्तर हेच.

पण रबराला म्हातारपण चुकत नाही. ऊन, हवा, इंजिनाची धग आणि रोजचा पीळ यांनी ते हळूहळू कडक होते. मग त्याला चिरा पडतात. शेवटी ते लोखंडापासून सुटते.

त्यात आपली जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही तिच्याबरोबर वरखाली होतो. रस्त्याला लाटा येतात, खड्डे पडतात. प्रत्येक खड्ड्याला बुश एकदा पिळला जातो. दिवसातून किती वेळा, तुम्हीच मोजा!

बुश गेला हे कसे ओळखावे?

समजा, एक शेतकरी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. त्यांचे बोलणे ऐका.

"मिस्त्री, खड्ड्यात गेलं की खालून खट्‌ खट्‌ आवाज येतो बघा."

"काका, ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते का?"

"ओढते तर! अन्‌ स्टेरिंग सरळ धरलं तरी गाडी सरळ चालत नाही."

"पुढचे टायर बघू. हे बघा, आतल्या बाजूनं गुळगुळीत झालंय. बाहेरून मात्र नक्षी शाबूत आहे. बुश पाहावे लागतील."

या चार खुणा ध्यानात ठेवा. खड्ड्यात आवाज. ब्रेक मारताना ओढ. सरळ रस्त्यावर भटकणारी गाडी. एकाच कडेने झिजणारा टायर.

पण या खुणा दिसल्या म्हणजे बुशच गेला, असे नाही. बॉल जॉइंट, शॉक-अब्सॉर्बर किंवा ब्रेक यांच्या बिघाडानेही असेच होते. टायरात हवा कमीजास्त असली तरी गाडी ओढते. म्हणून चांगला मिस्त्री आधी पाहतो, मग खोलतो. तो सांध्याजवळ लोखंडी टॉमी घालून हात हलवून बघतो. चांगला बुश थोडा लवतो आणि परत येतो. गेलेला बुश सैल हलतो आणि खटकतो. बत्ती लावून पाहिले तर रबराच्या चिरा दिसतात.

मारुती ८०० मध्ये पुढच्या बाजूला एक वाकवलेली आडवी सळई असते. तिची टोके दोन्हीकडच्या लोअर आर्ममध्ये रबरी बुशांतून अडकवलेली असतात. तीच सळई चाकाला मागेपुढे सरकू देत नाही. तिचे बुश झिजले, तर ब्रेक मारताच चाक जागचे हलते. म्हणून हे बुशही तपासायला सांगावे.

चालढकल केली तर?

बुश झिजला म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही. ती चालत राहते. म्हणूनच माणूस म्हणतो, "चालतंय ना, चालू द्या. पुढच्या हंगामात बघू."

इथेच नुकसान होते. चाक तिरपे धावते आणि टायर खाल्ला जातो. एक बुश टायरापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. लोखंडावर लोखंड आपटून हाताचे भोक मोठे होते. मग नुसत्या बुशाने भागत नाही, सगळा हात बदलावा लागतो.

हे झाले पैशाचे. पण जिवाचे काय? समोरून ट्रक येतो आहे. रस्त्यात म्हैस आडवी आली. तुम्ही जोरात ब्रेक मारला. त्याच क्षणी गाडी ट्रकाच्या अंगाला ओढली गेली, तर? गाडीत घरची माणसे असतात. त्यांचा जीव त्या मुठीएवढ्या रबरावर असतो.

बुश कसा बदलतात?

हे काम जाणत्या मिस्त्रीचे आहे. पण ते कसे होते, हे मालकाला ठाऊक असावे. म्हणजे काम नीट झाले की नाही, ते कळते.

१. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करतात. हातब्रेक लावतात. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावतात.

२. पुढची बाजू जॅकने उचलतात आणि सांगाड्याखाली पक्के लोखंडी स्टँड देतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक सरकतो. विटांचा थर देऊ नये. वीट भाराने अचानक फुटते. क्षणात माणूस चिरडतो. हा नियम मोडणाऱ्या मिस्त्रीला हात जोडून थांबवा.

३. चाक काढतात. लोअर आर्मचे बोल्ट काढून हात मोकळा करतात. हात वाकला आहे का, तडकला आहे का, तेही बघतात.

४. जुना बुश प्रेसवर दाबून बाहेर काढतात. काही जण रबर जाळून काढतात. तसे करू नये. तो धूर विषारी असतो. आगीने हाताचे लोखंडही बिघडू शकते.

५. भोक घासून स्वच्छ करतात. नवा बुश त्याच दिशेने, सरळ बसवतात. दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. हातोड्याने ठोकला तर कडे चेपते आणि रबर सुटते. नुसत्या रबराचा बुश सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. तेल नाही!

६. हात परत जोडतात. बोल्ट घालतात, पण पूर्ण आवळत नाहीत. हे फार महत्त्वाचे आहे. का, ते पुढे सांगतो.

७. चाक लावून गाडी खाली उतरवतात. ती थोडी दाबून हलवतात, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसते. मग खड्ड्यावर किंवा रॅम्पवर, चारही चाकांवर भार असताना, बोल्ट पक्के आवळतात. किती आवळायचे ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. त्यासाठी टॉर्क पाना वापरतात.

शेवटी का आवळायचे?

आम्ही मघाशी सांगितले की रबर घसरत नाही, पिळले जाते. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबते. हातही खाली झुकलेला असतो. त्या वेळी बोल्ट पक्का आवळला तर रबर त्या झुकलेल्या जागी धरले जाते. मग गाडी जमिनीवर आली की हात वर येतो आणि रबराला पीळ बसतो. तो पीळ रात्रंदिवस राहतो. गाडी दारात उभी असली तरी राहतो. वर खड्ड्यांचा पीळ आणखी. असा बुश लवकर फाटतो.

मग लोक म्हणतात, "नवा माल कच्चा निघाला!" माल कच्चा नसतो. आवळण्याची वेळ चुकलेली असते. गाडी चाकांवर असताना आवळला, की रबर सरळ उभ्या माणसासारखे आरामात राहते. वरखाली दोन्हीकडे सारखेच पिळले जाते.

मालकाने काय करावे?

बुश दोन्ही बाजूंचे बरोबरच बदलावेत. एक बाजू नवी आणि एक जुनी असली तर गाडी सारखी चालत नाही. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. जुने बुश मागून घ्यावेत आणि डोळ्यांनी पाहावेत. बिल घ्यावे. बिलावर भागाचे नाव आणि तारीख आहे का, ते वाचावे. आता आपल्याला वाचता येते ना! आठ दिवसांनी बोल्ट एकदा तपासून घ्यावेत.

बैलाच्या खुराला जखम झाली तर आपण त्याला औताला जुंपत नाही. बैल लंगडतो, म्हणून ते दिसते. मोटारही लंगडते. फक्त तिचे लंगडणे ओळखायला शिकले पाहिजे.

वाचलेत? मग सांगा

१. बैलगाडीच्या आखाला वंगण लागते, मग बुशाला का लागत नाही?

२. बुश झिजल्याच्या चार खुणा कोणत्या?

३. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली का जाऊ नये?

४. बोल्ट गाडी खाली उतरवल्यावरच पक्के का आवळावेत? शेजाऱ्याला समजावून सांगा.