प्लेटलेट्स कमी आल्यात? आधी कारण विचारा

गरोदर बाईचा रिपोर्ट मोबाईलवर येतो, प्लेटलेट्ससमोर 'लो' दिसतं आणि घरात लगेच पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट सुरू! आज मला एकच सांगायचंय: नुसत्या आकड्याला घाबरू नका, कारण शोधा.

नॉर्मल म्हणजे साधारण दीड ते साडेचार लाख. समजा आठव्या महिन्यात 1 लाख 10 हजार आल्या. आधी नॉर्मल होत्या, बीपी ठीक, ताप नाही. मग बहुतेक वेळा ही गरोदरपणातच होणारी घट असते. तिला औषध लागत नाही, बाळाला धोका नसतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आकडा आपोआप वर येतो. कधी तर नळीतच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. म्हणून रक्त काचपट्टीवर घेऊन बघतात.

पण तोच आकडा बीपी वाढलेलं असताना आला तर? सोबत डोकं ठणकतंय, अंधुक दिसतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय? मग सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. ताप असेल तर डेंग्यू-मलेरियाची तपासणी.

अजून एक कारण आयटीपी. यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. आकडा फार खाली गेला किंवा रक्तस्राव झाला तर स्टेरॉइड किंवा आयव्हीआयजी देतात. बाळंतपणासाठी साधारण 50 हजार, पाठीतल्या भुलेच्या इंजेक्शनसाठी 70 हजारांच्या वर लागतात. फक्त आयटीपी आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही.

आता बाळाकडे येऊ. आयटीपीच्या अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जातात. आईच्या आकड्यावरून बाळाचा आकडा कळत नाही, म्हणून जन्मताच नाळेतलं रक्त तपासतात. आणि बघा, बाळाचा आकडा सर्वांत खाली जातो तो जन्मानंतर 2 ते 5 दिवसांत. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी जायची घाई नको.

उलटंही होतं. आईचा आकडा नॉर्मल, बाळाचा मात्र खूप कमी, कारण आईच्या अँटिबॉडी वडिलांकडून आलेल्या प्लेटलेट्सच्या प्रकारावर हल्ला करतात. यात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आधीच्या बाळाला असं झालं असेल तर पुढच्या वेळी पहिल्याच व्हिजिटला सांगा.

तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: आधीचा आकडा किती होता? कारण काय वाटतंय? बाळाचं रक्त कधी तपासणार?

घरात कोणी गरोदर असेल तर हा भाग फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!