साडीच्या दुकानात माणूस नेमताना

दिवाळी जवळ आली की दुकानावर ‘सेल्समन पाहिजे’ची पाटी लागते आणि जो बरा बोलतो तो नेमला जातो. पण बोलका माणूस साड्या विकतोच असं नाही. गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारा विकतो. म्हणून मुलाखतीआधी मालकाने स्वतःशी ठरवावं: साड्या उलगडून दाखवणारा हवाय, की नुसता घड्या घालणारा?

मग तोंडी प्रश्न थोडे, काम जास्त. समोर दोन पैठण्या टाकाव्यात, एक हातमागाची, एक यंत्रमागाची. फरक सांगा म्हणावं. जाणता उमेदवार आधी पदर उलटा करतो: हातमागाची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या पदरामागे बहुधा सुटे धागे असतात. ‘माहीत नाही, शिकेन’ म्हणणारा मला चालेल. थाप मारणारा नाही. पुढे विचारावं, ‘चाळीस साड्या उलगडल्या आणि बाई काही न घेता उठल्या, तेव्हा काय केलंत?’ इथे उत्तरापेक्षा चेहरा बघावा.

प्रश्न सगळ्यांना तेच, नाहीतर तुलना कशाची करणार? पगार, कमिशन आणि सुट्टीचा वार मात्र आपणच आधी सांगावा. ऐन गर्दीत त्यावरून वाद नको.