वैशाखातला गंज

खानदेशातल्या रावेरच्या उन्हाळ्यात खरं तर लोखंड गंजायला नको. पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला, हवेत ओलाव्याचं नाव नाही. तरीही भर वैशाखात खिडकीच्या नक्षीदार जाळीवरून तांबडे ओघळ उतरतात, कारण त्याच खिडकीत कुलर बसवलेला असतो. बोअरचं जड पाणी दिवसभर जाळीवर उडतं, वाळतं, पुन्हा उडतं. मागे राहणारे क्षार ओल धरून ठेवतात आणि त्या पांढऱ्या पापुद्र्याखाली गंज लोखंड निवांत खात जातो. बोल मात्र सगळा पावसाळ्याला.

खानदेशातल्या जुन्या घरांत शोभेचं लोखंड ठरावीक जागी दिसतं: गॅलरीचा कठडा, खिडकीचे गज, फाटक, झोपाळ्याच्या कड्या. रंग एकच असला तरी जात एक नसते. कठडा बहुधा बिडाचा. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त, म्हणून ते साच्यात सुरेख ओतलं जातं. पण गंज झाडायला हातोडी मारली की वेलीचं पान तुटून हातात येतं. घडीव लोखंडात कार्बन नावापुरता. ते तापवून वळवता येतं, ठोकता येतं. आज दुकानात ‘रॉट आयर्न’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा साधं मवाळ पोलादच असतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त घडीव लोखंडाचा भाव देऊ नये.

अलीकडे दिवाणखान्यात बस्तरची लोहशिल्पंही आली आहेत. कोंडागावकडचे लोहार ती ठोकून घडवतात आणि शेवटी व्हार्निशचा हात देतात. ती रोज ओल्या फडक्याने पुसणाऱ्या घरांत लवकर खराब होतात. सांध्यांतली धूळ काढायला कोरडा, मऊ ब्रश पुरतो.

खरा घात होतो तो दिवाळीच्या रंगाने. जुना गंज तसाच ठेवून दरवर्षी ऑइल पेंटचा नवा थर चढवायचा, ही आपली रीत. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आतून फुगतो आणि वरचा रंग पापडीसारखा सुटतो. शिवाय थरावर थर चढून नक्षीच्या कडा बुजतात. चार वर्षं रंग दिला नाही तरी चालेल, पण देताना सुटलेला रंग आणि गंज तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने काढून, पूर्ण कोरडं करून, त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावावा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं, तर केलेली मेहनत अर्धी वाया.

जुनी वस्तू असेल तर घासण्यापूर्वी थांबावं. मारुतीला लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, आणि एकेकाळी गंज रोखायला लोखंडाला पहिला हात त्याचाच असे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा प्रत्यक्षात आली ती २०१७ मध्ये. त्याआधीचा रंग कोरडा घासून उडणारी धूळ लहान मुलांच्या पोटात जाऊ नये. पृष्ठभाग ओलसर करून घासावं, मग नीट वाळवावं.

चिवट, पातळ गंजावर एक उपाय केळी पिकवणाऱ्या रावेरकरांना सहज पटेल. कच्ची केळी कापताना पोलादी सुरी काळी पडते. केळीच्या चिकातली टॅनिनं लोखंडाशी मिळतात, त्याचा हा परिणाम. हिरड्यात टॅनिन याहून मुबलक. हिराकस घालून पूर्वी त्याची काळी शाई करत. बाजारातली गंज थांबवणारी काही द्रावणं याच रसायनावर चालतात: तांबड्या गंजाचा निळसर काळा, टिकाऊ थर होतो. जाड पापुद्र्यावर मात्र त्यांचा उपयोग नाही, तो आधी खरवडावाच लागतो.

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या की खोबरेल लावू नये. ते चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल थेंबभर पुरे. घरातल्या न रंगवलेल्या लोखंडाला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चालतो, कारण ते वाळून कवच धरतं. वाळताना मात्र ते उष्णता सोडतं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून, पसरून, घराबाहेर वाळवावीत. रावेरच्या मे महिन्यात तर नक्कीच.