तळे, डोह, सरोवर : जलाशयांच्या जुन्या नावांची कुळकथा

चौथीच्या वर्गात तळे, तलाव, सरोवर आणि डोह हे चार शब्द फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ विचारावा. ‘पाणी साठते ती जागा’ असे एकच उत्तर चारही शब्दांना मिळते. पाठ्यपुस्तकांत व शब्दसंग्रहांत हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत बसविलेले असतात, तेव्हा यात मुलांचा दोष नाही. परंतु ज्या मुलाचे घर नदीकाठी आहे, त्याला घरी विचारले तर तो डोहाला तळे म्हणणार नाही. डोहात उतरू नको, हे आईने त्याला शंभरदा बजाविलेले असते. तळ्याकाठी मात्र तो रोज म्हशी घेऊन जातो. घरी ठाऊक असलेला हा भेद शाळेत आल्यावर पुसला जातो. तो पुसला जाऊ नये असे ज्या शिक्षकास वाटते, त्याला या शब्दांची कुळे ठाऊक असणे उपयोगी पडते. ती कुळे निरनिराळी आहेत, आणि काहींचे नातलग तर फार दूरच्या देशांत आहेत.

प्रथम आपले घरचे तळे पाहू. हा शब्द ‘तल’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. तल म्हणजे खालचा भाग, बूड. तळ, तळवा, तळघर, तळहात ही सारी त्याचीच भावंडे. जमीन जेथे खोलगट झाली व पाणी जेथे ठरले, ते तळे. येथे ‘ल’चा ‘ळ’ कसा झाला, हे मुलांना अवश्य दाखवावे, कारण मराठीचा तो मोठा नियमबद्ध व्यवहार आहे. दोन स्वरांमध्ये एकेरी ‘ल’ असेल तर मराठीत त्याचा सामान्यतः ‘ळ’ होतो : फल-फळ, मूल-मूळ, गल-गळा. प्राकृतात तोच ‘ल’ दुहेरी असेल तर मराठीत ‘ल’च राहतो : फुल्ल-फूल, तेल्ल-तेल, गल्ल-गाल. गळा आणि गाल एकमेकांपासून चार बोटांवर असले, तरी त्यांच्यातील ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा फरक दीड-दोन हजार वर्षांचा आहे.

हा नियम ध्यानात ठेवून तलाव या शब्दाकडे वळावे. त्याचे मूळ संस्कृत ‘तडाग’ हे होय. पालीत त्याचे ‘तळाक’ झाले, प्राकृतात ‘तलाय’ झाले. गुजरातीत आजही ‘तळाव’ असा ळकारयुक्त उच्चार आहे. मराठीत मात्र ‘ल’ दिसतो. यावरून हा शब्द आपल्याकडे उत्तरेकडील भाषांच्या वाटेने आला असावा असे अनुमान निघते. हिंदीत त्याच शब्दाचे ‘तालाब’ हे रूप झाले. शेवटच्या ‘ब’ला फारसी ‘आब’ म्हणजे पाणी या शब्दाचा आधार मिळाला. पंजाब आणि दोआब यांतील ‘आब’ तो हाच. शब्द जुना भारतीय, पण त्याच्या शेपटाला फारसी रंग चढला.

तडाग येथेच थांबला नाही. व्यापारी आणि पंडित यांच्याबरोबर तो समुद्र ओलांडून जावा-सुमात्रा बेटांकडे गेला. इंडोनेशियाच्या व मलायाच्या भाषेत ‘तेलागा’ म्हणजे तळे. जावा बेटावरील दिएंग पठारावर गंधकयुक्त पाण्याचे एक रंगीत तळे आहे, त्याचे नाव ‘तेलागा वर्ना’. तेलागा म्हणजे तडाग आणि वर्ना म्हणजे वर्ण. त्या भाषेत विशेषण नामाच्या मागून येते, एवढे सांगितले की पाचवीतील मुलगाही या नावाचा अर्थ सांगेल. श्रीलंकेत असाच प्रवास ‘वापी’ या शब्दाने केला. गुजरातेत वापीची ‘वाव’ झाली आणि ती पायऱ्यांची विहीर राहिली. सिंहली भाषेत वापीचे ‘वेव’ झाले आणि तो शब्द बांध घालून केलेल्या विस्तीर्ण तलावांस लागला. अनुराधपूरची ‘तिस्सवापी’ आज ‘तिसा वेव’ या नावाने ओळखली जाते. एकच शब्द एका देशी विहीर झाला आणि दुसऱ्या देशी शेकडो एकरांचा जलाशय झाला.

आता डोह. हा शब्द ऐकताना अगदी ग्रामीण वाटतो, पण तो मोठ्या घराण्यातला आहे. संस्कृतात खोल पाण्याच्या जागेस ‘ह्रद’ म्हणत. ‘ह्र’ हे जोडाक्षर सामान्य जनांच्या जिभेला अवघड. त्यांनी अक्षरांची अदलाबदल करून त्याचे ‘द्रह’ केले, पुढे ‘दह’ झाले आणि मराठीत डोह झाला. अशा अदलाबदलीस व्याकरणकार वर्णविपर्यय म्हणतात. हे नाव मुलांना सांगण्याची गरज नाही. ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘मतलब’चे ‘मतबल’ करणारी माणसे प्रत्येक गावात असतात, त्यांचे उदाहरण पुरेसे आहे. ‘द’चा ‘ड’ होणे हेही नवे नाही, दंश या शब्दापासून डास झाला तो असाच. वृंदावनात ज्या ठिकाणी कृष्णाने कालियाचे मर्दन केले असे सांगतात, त्या जागेस हिंदीत ‘कालियादह’ म्हणतात. त्यातील दह आणि आपला डोह ही सख्खी भावंडे होत.

सरोवर या शब्दाचा इतिहास या सर्वांहून लांबचा आहे. ‘सरस्’ म्हणजे तळे, आणि त्यास ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ हा शब्द जोडला की सरोवर. त्यामुळे गावाबाहेरच्या डबक्यास सरोवर म्हणणे हे अर्थाच्या दृष्टीनेही विनोदी ठरते. सरोज म्हणजे तळ्यात जन्मलेले कमळ, आणि सारस म्हणजे तळ्याचा पक्षी. अमृतसर, मुक्तसर या पंजाबातील नगरांच्या नावांत आणि काश्मीरच्या तारसर-मारसर या तळ्यांच्या नावांत हाच ‘सर’ आहे. सरस्वती या नावाचा मूळ अर्थ ‘सरसांनी युक्त’, म्हणजे तळ्याडोहांची नदी, असा होतो. विद्येची देवता हा अर्थ मागाहून दृढ झाला. नदीला तळ्यांची नदी का म्हणावे, असा प्रश्न एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. मराठवाड्यातील शिक्षकाने त्याला चैत्र-वैशाखात नदीवर न्यावे. पाण्याची धार तुटलेली असते आणि पात्रात एकामागून एक डोह तेवढे उरलेले असतात. नावाचा अर्थ उमजण्यास याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

संस्कृतातील ‘स’च्या जागी प्राचीन इराणी भाषेत ‘ह’ येतो. सप्तच्या जागी हप्त, सोमच्या जागी हओम, सिंधूच्या जागी हिंदू. या नियमाने सरस्वतीचे रूप ‘हरह्वैती’ व्हावयास हवे, आणि पारशांच्या अवेस्ता ग्रंथात ते तसेच आढळते. इराणचा सम्राट दारयवहु याने इसवी सनापूर्वी 520 च्या सुमारास बेहिस्तून येथे खोदविलेल्या शिलालेखात आपल्या प्रांतांची यादी दिली आहे. तीत ‘हरौवती’ हा प्रांत येतो. आजच्या अफगाणिस्तानातील कंदाहारच्या आसपासचा तो प्रदेश. ग्रीकांनी त्याचेच ‘अराखोसिया’ केले. ग्रीक भाषेतही शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ होतो, आणि जेथे ग्रीकात ‘ल’ आहे तेथे संस्कृतात पुष्कळदा ‘र’ दिसतो. तेव्हा सरस्-चा ग्रीक भाऊ शोधावयाचा तर ‘हेलोस’ सारखा शब्द मिळावयास पाहिजे. असा शब्द ग्रीकात आहे आणि त्याचा अर्थ दलदल, पाणथळ जमीन. आधी नियम बांधावा आणि मग त्या नियमाप्रमाणे शब्द सापडावा, याला शास्त्र म्हणतात. नुसता कानाला सारखेपणा लागला म्हणून नाते जोडणे हे शास्त्र नव्हे.

याचे उदाहरण घ्यावयाचे तर ‘लेक’ हा शब्द घ्यावा. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाने तळ्याला ‘लेक’ म्हटले की वर्गात हशा पिकतो, कारण मराठीत लेक घरी नांदते आणि सासरी जाते. या दोन शब्दांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी शब्द फ्रेंच भाषेच्या द्वारे लॅटिन ‘लाकुस’ पासून आला. लाकुसचा अर्थ तळे तसाच हौद, कुंड असाही होता. ग्रीक ‘लाक्कोस’ म्हणजे खड्डा किंवा पाण्याचे टाके. स्कॉटलंड व आयर्लंड येथील ‘लॉख’ त्याच वंशातला. भूगोलाच्या पुस्तकात येणारे लॅगून हे नावही लाकुसपासून निघालेल्या, खळगा या अर्थाच्या शब्दापासून आलेले. म्हणजे रोमन माणसाने तळ्याकडे पाहून खळगा पाहिला आणि मराठी माणसाने तळ पाहिला. शब्द एकमेकांचे कोणी नव्हेत, पण पाहणाऱ्याची दृष्टी मात्र एक. विद्यार्थी गुरुजींना ‘सर’ म्हणतात तो सरही अमृतसरमधील सर नव्हे, हे विनोदाने सांगून ठेवण्यास हरकत नाही.

पाणी फार मोठे दिसले की लोक त्यास समुद्रच म्हणतात. हैदराबादेत सोळाव्या शतकात बांधलेला जलाशय हुसेनसागर झाला, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर झाला, कोयनेचा शिवसागर झाला. युरोपातही हाच घोळ आहे. जर्मन भाषेत ‘मेर’ म्हणजे समुद्र, आणि ‘झे’ हा शब्द पुल्लिंगी असेल तर तळे व स्त्रीलिंगी असेल तर समुद्र. शेजारच्या डच भाषेत नेमके उलट : ‘मेर’ म्हणजे तळे आणि ‘झे’ म्हणजे समुद्र. हॉलंडच्या लोकांनी 1932 साली झाउडर झे या उपसागराच्या तोंडाशी लांबच लांब बांध पुरा केला. आतील पाणी समुद्रापासून तुटले आणि हळूहळू गोडे झाले. त्याबरोबर नावही बदलले. ‘झे’ जाऊन ते आयसलमेर झाले. तिबेटच्या ईशान्येस एक विस्तीर्ण खारे सरोवर आहे. मंगोल त्यास कोको नूर म्हणतात, तिबेटी त्सो न्गोन्पो म्हणतात, आणि चिनी छिंगहाय. पहिल्या दोहोंचा अर्थ निळे तळे, तिसऱ्याचा निळा समुद्र. लडाखमधील पँगाँग त्सो या नावातील ‘त्सो’ तोच. आपली वृत्तपत्रे त्यापुढे पुन्हा ‘सरोवर’ लिहितात, तेव्हा ‘पँगाँग तळे तळे’ असे होते. आफ्रिकेतील न्यासा सरोवराचीही हीच गत, कारण न्यासा म्हणजेच तेथील भाषेत सरोवर.

सोलापूर, नांदेड, चंद्रपूर या सीमेकडील शिक्षकांना दक्षिणेचे शब्द दूरचे नाहीत. कन्नडमध्ये तलावास ‘केरे’ म्हणतात, तेलुगूत ‘चेरुवु’. ही दोन रूपे भिन्न वाटतात, पण कानाला कन्नडमध्ये ‘किवि’ आणि तेलुगूत ‘चेवि’ म्हणतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘क’ आणि ‘च’ यांचा हा ठरलेला व्यवहार लगेच ओळखू येतो. तमिळमधील ‘चिऱै’ याच कुळातला. त्याचे अर्थ बांध, जलाशय आणि तसाच बंदिवास, कारागृह. दक्षिणेच्या माणसाने खळगा पाहिला नाही, त्याने अडविलेले, कोंडलेले पाणी पाहिले. ज्या देशात पावसाचे पाणी बांध घालून अडविल्यावाचून भात पिकत नाही, तेथे असा शब्द होणे स्वाभाविक आहे. कन्नड वचनकार सिद्धराम यांनी बाराव्या शतकात सोलापुरात तळे खोदविले अशी परंपरा आहे. ते आजचे सिद्धेश्वर तलाव होय.

हीच दृष्टी आपल्याकडे पूर्व विदर्भात आढळते. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध या नावात पाण्याचा उल्लेखच नाही, उल्लेख बांधाचा आहे. त्या भागात शेताच्या वरच्या अंगास धान भिजविण्यापुरते पाणी साठविण्याची जी लहान जागा असते, तिला ‘बोडी’ म्हणतात. गावाचा तलाव निराळा आणि शेतकऱ्याची बोडी निराळी. तेथील एका शाळेत मी एका मुलीची वही पाहिली होती. तिने ‘आमच्या बोडीत शिंगाडे आहेत’ असे सुंदर वाक्य लिहिले होते. शिक्षकाने बोडी या शब्दावर तांबडी रेघ ओढून वर ‘तलाव’ लिहिले होते. दुरुस्ती केलेले वाक्य खोटे झाले होते, कारण त्या कुटुंबाचा तलाव नव्हता, बोडीच होती. प्रमाण भाषा शिकविणे हे आपले काम आहेच. पण प्रमाण भाषेत ज्या वस्तूला शब्दच नाही, तिचा घरचा शब्द खोडणे हे त्या कामात मोडत नाही.

गावांच्या नावांत असे शब्द पुष्कळ दडलेले असतात. तळेगाव तर उघडच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे नाव लवणावरून आले. उल्कापाताने झालेल्या तेथील विवराचे पाणी क्षारयुक्त आहे. 2020 साली ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्या सरोवराची पाणथळ स्थळांत नोंद झाली. लवणाचे लोण झाले, त्यातूनच लोणचेही आले. मात्र लोणी त्यातले नव्हे, ते नवनीतापासून आले. मुले हे दोन्ही एकत्र करतात, म्हणून दोन्ही शेजारी लिहून दाखवावेत.

पाचवी ते सातवीच्या मुलांकडून आपापल्या गावातील पाण्याच्या जागांची नावे गोळा करून घेता येतील. कित्येक ठिकाणी तळे बुजून त्यावर घरे झाली आहेत आणि आळीचे नाव तेवढे राहिले आहे. अशी नावे आधी टिपावीत, कारण ती सांगणारी माणसे वयोवृद्ध आहेत. भोई, धनगर, पाणक्ये आणि जुन्या बायका यांना विचारावे. वहीत शब्द, तो कोणी सांगितला, पाणी वाहते की साठलेले, ते उन्हाळ्यात आटते की नाही, आणि बांध आहे की आपोआप झालेला खळगा, एवढे लिहिले की पुरे. व्युत्पत्ती मुलांकडून लिहून घेऊ नये. शब्द ऐकला तसाच उतरवावा, पुस्तकी करू नये. विशेषतः ‘ळ’ आणि ‘ल’ यांत गल्लत होऊ देऊ नये. पुढे कोणी त्या शब्दाचे कूळ शोधावयास बसला, तर त्याचा सारा भरवसा त्या एका अक्षरावर राहणार आहे.