मालक पाच, खातेवही तीच

इन्फॉर या कंपनीचा जन्म खरेदीखतातून झाला. 2002 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट कॅपिटल या खासगी इक्विटी फंडाने ती ‘अ‍ॅजिलिसिस’ नावाने उभी केली. 2004 मध्ये तिने इन्फॉर ही जर्मन कंपनी घेतली आणि स्वतःच तिचे नाव लावले. सून घरात आली आणि सासरचे आडनाव बदलले, असा हा प्रकार. 2005 मध्ये मॅपिक्स, 2006 मध्ये एसएसए ग्लोबल, 2011 मध्ये सुमारे 2 अब्ज डॉलरना लॉसन. बहुतेकांचा मुख्य माल ईआरपी, म्हणजे उद्योगाची संगणकीय खातेवही.

अशा सौद्यांत मथळा रकमेला मिळतो; गणित मात्र एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात असते. फंड थोडे स्वतःचे भांडवल आणि बरेचसे कर्ज घालतो. कर्ज फिटते विकत घेतलेल्या कंपनीच्याच कमाईतून, म्हणून ती कमाई न चुकता येणारी लागते. ईआरपीचा ग्राहक परवान्याच्या किमतीचा साधारण पाचवा हिस्सा दरवर्षी देखभालीपोटी भरतो आणि सहसा सोडून जात नाही.

का, ते बिल ऑफ मटेरियल, म्हणजे उत्पादनाला लागणाऱ्या भागांची यादी, पाहिली की कळते. एका पंपाला कास्टिंग, शाफ्ट, बेअरिंग, सील. प्रत्येकाला कोड, ड्रॉइंगची आवृत्ती, पुरवठादार, लीड टाइम. वर्षानुवर्षे भरलेल्या अशा हजारो ओळी नव्या प्रणालीत हलवताना सीलचा लीड टाइम चुकला, तर ऑर्डर उशिरा जाते आणि बाकी तयार असलेला पंप शेडमध्येच अडकतो.

अशा खरेद्यांत ‘बान’ची कहाणी सर्वांत बोलकी. यान बान यांनी 1978 मध्ये नेदरलँड्समध्ये ही कंपनी काढली. 1994 मध्ये बोइंग ग्राहक झाली. पुढे बानच्या हिशेबांवर प्रश्न उठले, तोटा वाढला. 2000 मध्ये ब्रिटनच्या इन्व्हेन्सिसने ती सुमारे 70 कोटी डॉलरना घेतली आणि 2003 मध्ये 13.5 कोटींना एसएसएला विकली. एसएसएबरोबर ती इन्फॉरकडे आली. आज तिचे ईआरपी ‘एलएन’ नावाने चालते. बुडत्या कंपनीचे ग्राहक वाऱ्यावर पडले नाहीत, हे श्रेय या खरेद्यांना द्यायलाच हवे.

नव्या नावांबद्दल मात्र सावध राहिलेले बरे. इन्फॉरचे ‘क्लाउडसूट इंडस्ट्रियल’ म्हणजे तिचे ‘साइटलाइन’ हे जुने ईआरपीच. बदलला तो व्यवहार. पूर्वी एएमसी थांबवली तरी विकत घेतलेला प्रोग्रॅम चालत राही. क्लाउडवर भाडे थांबले की प्रोग्रॅमही थांबतो.

2017 मध्ये कॅन्ससच्या कोक समूहाने इन्फॉरमध्ये 2 अब्ज डॉलरहून अधिक गुंतवले आणि 2020 मध्ये उरलेला हिस्साही घेतला. कोक स्वतः तेलशुद्धीकरण आणि कागदाचे कारखाने चालवतो. यान बान, इन्व्हेन्सिस, एसएसए आणि गोल्डन गेट यांच्यानंतर बानच्या खातेवहीला पाचवा मालक मिळाला, तो कारखानदार.