हवेतला पेट्रोल पंप आणि दोनदा रद्द झालेलं टेंडर

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी असल्यामुळे संरक्षण खात्याची खरेदी हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. आज बोलूया एका मोठ्या खरेदीबद्दल, जी दोनदा ठरली आणि दोनदा फिसकटली.

आधी बेसिक समजून घेऊ. फायटर विमानावर शस्त्रं जास्त लादली की उड्डाणाच्या वेळी इंधन कमी घ्यावं लागतं. मग वर गेल्यावर टँकर विमानाकडून टाकी भरून घ्यायची. याच्या दोन पद्धती. एकीत टँकर मागे लांब पाइप सोडतो, त्याच्या टोकाला टोपली असते आणि फायटरचा पायलट आपली नळी त्यात बसवतो. दुसरीत टँकरचा ऑपरेटर 'बूम' नावाचा ताठ दांडा खालच्या विमानात जोडतो. आपली सुखोई, राफेल, तेजस ही सगळी टोपलीवाली. सी-१७ आणि पी-८आय बूमवाली.

हवाई दलाकडे २००३ पासून सहा इल्युशिन-७८ टँकर आहेत, तळ आग्र्याला. त्यांना बूम नाही. आणि २०१७ च्या कॅगच्या अहवालानुसार २०१० ते २०१६ या काळात हा ताफा सरासरी ४९ टक्केच वापरायोग्य होता. अपेक्षा होती ७० टक्क्यांची. म्हणजे सहापैकी साधारण तीनच हाताशी.

म्हणून आणखी सहा टँकर घ्यायचे ठरले. स्पर्धा मुख्यतः एअरबसचं ए-३३० एमआरटीटी आणि रशियाचं इल्युशिन यांच्यात. २००९ मध्ये एअरबसची निवड झाली. अर्थ मंत्रालयाने किमतीवर आक्षेप घेतला आणि २०१० च्या सुरुवातीला टेंडर रद्द. पुन्हा टेंडर, २०१३ मध्ये पुन्हा एअरबस पुढे, आणि २०१६ मध्ये तेही रद्द.

घोडं अडलं कुठे? सरकारी खरेदीत तांत्रिक परीक्षा पास झालेल्यांपैकी सगळ्यात कमी बोलीवाला जिंकतो, त्याला म्हणतात 'एल-वन'. पण कमी म्हणजे नक्की काय कमी? उल्हासनगरात सेकंडहँड बाइक बघताना आपण फक्त किंमत विचारतो का? अ‍ॅव्हरेज किती, पार्ट मिळतात का, हेही विचारतो. विमानाचंही तसंच. इल्युशिनला चार इंजिनं, ए-३३० ला दोन. विकत घेताना इल्युशिन स्वस्त, पण पुढच्या कित्येक वर्षांचं इंधन आणि मेंटेनन्स धरला की एअरबस पुढे. ऑफिसात सॉफ्टवेअर निवडताना मी रोज हाच वाद ऐकतो: लायसन्सचा आकडा सगळ्यांना दिसतो, पुढचा खर्च अंदाजाचा असतो. आणि अंदाजावर सही करायला कोणी धजत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २००८ मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमन आणि एअरबसची मूळ कंपनी ईएडीएस यांची जोडी जिंकली, बोइंगने तक्रार केली, ती मान्य झाली आणि निवड फिरली. २०११ मध्ये बोइंगने १७९ विमानांचं काम मिळवलं. बोली कमी, किंमत ठरलेली. नंतर तांत्रिक अडचणी निघाल्या आणि कंपनीला सात अब्ज डॉलरहून जास्त फटका बसला. कमी आकडा शेवटी कुणाच्या तरी खिशातून वसूल होतोच.

आपल्याकडे आता? एप्रिल २०२२ मध्ये एचएएल आणि इस्रायलच्या आयएआयने प्रवासी विमानं टँकरमध्ये बदलण्यासाठी सामंजस्य करार केला. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मेट्रिया कंपनीकडून एक केसी-१३५ भाड्याने घ्यायचा करार केला, हवाई दल आणि नौदलाच्या पायलटांच्या प्रशिक्षणासाठी.

माझं मत सांगतो. टेंडरच्या तक्त्यात किमतीचा रकाना असतो, मेंटेनन्सचाही घालता येतो. पण निर्णय न घेण्याच्या किमतीचा रकाना कुठेच नसतो. ती किंमत आग्र्याच्या तळावर मोजली जाते, उडू न शकणाऱ्या विमानांमध्ये.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर, दारात उभे असाल तर जरा आत सरका!